मधल्या तुकड्यातली फक्की

माझ्या पहिल्या पटकथेत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती हाणामारी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला दहा मिनिटांची फिल्म करावी लागते. वर्गातली बाकीची मंडळी एकटेपणा, ब्रेकअप, हॉस्टेलच्या खिडकीतून दिसणारं आभाळ असलं काहीबाही लिहीत होती. मला तसलं सुचत नाही. मी पुण्याच्या कडेच्या धायरीची. आमच्याकडं कुणी खिडकीतून आभाळ बघत बसला तर त्याला आधी डॉक्टरकडं नेतात. मी लिहिलं ते दोन भावांचं भांडण. मधे जमिनीचा एक तुकडा, आणि शेवटी धाकटा भाऊ पहार घालून थोरल्याचा हात मोडतो.

पटकथा शिकवणारे सर पेठेतले. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण बोलले की माणूस जागच्या जागी सोलून निघायचा. त्यांनी माझी पानं चाळली आणि विचारलं, "मोठा भाऊ आतून पेटून उठतो, असं आपण लिहिलंय. आतून म्हणजे कॅमेरा नेमका कुठं ठेवायचा? जठरात?" वर्ग फिदीफिदी हसला. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं की पटकथेत फक्त दिसतं ते आणि ऐकू येतं ते लिहायचं, बाकी सगळं कादंबरीवाल्यांना द्यायचं. माझी गोष्ट त्यांनी एका ओळीत सांगायला लावली. मी म्हणाले, दोन भाऊ, एक तुकडा, एक पहार. ते म्हणाले, ही सामानाची यादी झाली, गोष्ट कुठाय? भावानं भावाचा हात का मोडला ते मला दाखवा, नाहीतर ही पानं रद्दीला द्या, किलोला काहीतरी मिळेल. मला इतका राग आला की बाहेर येऊन मी पार्किंगमधल्या पत्र्याला लाथ घातली आणि चार दिवस लंगडले.

राग आमच्या घरातला आहे. ती गोष्ट मी मनानं रचली नव्हतीच. थोरला भाऊ म्हणजे माझे पप्पा, धाकटा म्हणजे माझे सख्खे चुलते. मी दहावीला असताना एका दुपारी क्लासवरून आले, तर अंगण धुतलेलं होतं, भर दुपारी, आणि घरात कुणी नव्हतं. पप्पा हाडांच्या दवाखान्यात होते. उजवा हात कोपराच्या खाली मोडला होता, आत प्लेट घालावी लागली. काकांनी पहार घातली असं सगळी भावकी म्हणाली. पप्पा काहीच म्हणाले नाहीत. काकांनीही कधी नाही म्हटलं नाही. पोलिसात कुणी गेलं नाही, दवाखान्यात गाडीवरून पडलो म्हणून सांगितलं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं की आमच्या आणि काकांच्या घरामधला तो तुकडा, ज्याच्यावरून हे झालं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी वापरायचा नाही. तिथं मग घाणेरी माजली आणि कुत्री व्यायला लागली.

मी काकांचा द्वेष केला. उगाच मोठा शब्द वापरत नाही, खरंच केला. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी जत्रा बघितली होती, आणि आता ते समोरून आले की मी रस्त्यावर थुंकायचे. चुलत भावाच्या गाडीचा हेडलाइट एकदा दगड घालून फोडला. त्याला माहीत होतं मीच फोडला म्हणून. बिचाऱ्यानं नवीन बसवून आणला.

पप्पांचा राग तर विचारूच नका. एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी कुकर गॅलरीतून खाली फेकला, वाफेसकट. दाराच्या फळीला त्यांच्या मुठीचा खड्डा आहे, त्याच्यावर आईनं कॅलेंडर लावलंय. आईवर किंवा माझ्यावर त्यांनी हात कधी टाकला नाही, पण घरात कायम असं वाटायचं की आज ना उद्या कुणावर तरी पडणार. आईला एकच धास्ती होती. हा माणूस एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल आणि येरवड्याला जाऊन बसेल. त्या धास्तीनं ती घर चालवायची. कोयता माळ्यावर, विळी कपाटात. काकांचं नाव निघालं की ती विषय बदलायची, पाहुणे आले की आधी त्यांना दारातच सांगून ठेवायची की तुकड्याचं काही काढू नका. वॉशिंग मशीन येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी धुणं बडवायची लाकडी मोगरी तिनं मशीनच्या मागं उभी करून ठेवली होती. टाकून का देत नाहीस असं मी विचारलं की म्हणायची, असू दे, खात नाही पीत नाही.

सरांचं ते 'का दाखवा' डोक्यात घेऊन मी पप्पांना विचारायला गेले. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं की पडलो होतो. आईला विचारलं तर तिनं माझ्या हातात लसणाची पाटी दिली. ठीक आहे म्हटलं, नका सांगू, मी माझं लिहिते.

कॅमेरा करणारा माझा मित्र अकोल्याकडचा, हॉस्टेलला राहायचा, अंगानं काडी आणि स्वभावानं देवमाणूस. त्याचं म्हणणं पडलं की हाड मोडल्याचा आवाज आधी मिळवू, मग दृश्य आपोआप लिहून होईल. म्हणून आम्ही रेकॉर्डर घेऊन मंडईत गेलो. एक मावशी लाल भोपळा कोयत्यानं फोडत होत्या, तिथं माईक धरला. खाप्‌ खाप्‌, फार सुंदर आवाज. तिसऱ्या भोपळ्याला मावशींनी हात थांबवून विचारलं की घ्यायचाय का नुसतंच ऐकायचंय, ऐकायचे वेगळे पडतील. आम्ही मुकाट पाव भोपळा घेतला. तिथून रसवंतीत जाऊन उसाची कांडकी गुडघ्यावर मोडली. त्यातला एक आवाज इतका खरा आला की मित्राच्या अंगावर काटा उभा राहिला.

घरी येऊन मी तो लॅपटॉपवर मोठ्यानं लावला. कट्ट. परत लावला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. हे काय आहे म्हणाली. मी म्हणाले, हात मोडल्याचा आवाज आहे, ऊस मोडून केलाय, भारी आलाय ना? ती माझ्याकडं बघत उभी राहिली. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी तिला कळलं नाही. मग बंद कर म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, नवऱ्याचं दुखणं आठवलं असेल.

मारामारीची तालीम आम्ही कॉलेजच्या गच्चीवर केली. मित्र पप्पा झाला आणि मी काका झाले, पहारेच्या जागी पीव्हीसीचा पाइप. मला काकांचा इतका राग होता की दुसऱ्याच वेळी पाइप खरंच त्याच्या दंडावर बसला. काऊन वं, जीव घेतं का, म्हणून तो खाली बसला. दंड काळानिळा झाला. मी सॉरी म्हणाले, पण खरं सांगायचं तर मारताना बरं वाटलं होतं. वाटलं, हे जे काही आहे ते पटकथेत आलं पाहिजे, पण कॅमेऱ्याला कसं दिसेल ते काही समजेना.

शूटिंग त्या तुकड्यातच करायचं माझ्या मनात होतं. पोरकटपणा नव्हता, दोन्हीकडं रीतसर विचारलं. चुलत भावाला मेसेज केला, त्यानं अंगठा पाठवला. पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, फोटोच काढायचेत ना, काढा, पण तिथली काडी हलवू नका. आईनं फक्त एवढंच विचारलं की किती वेळ लागेल. तेव्हा एका रविवारी सकाळी आम्ही जागा बघायला गेलो. कोण कुठं उभा राहणार, कॅमेरा कुठून कुठं सरकणार, हे जमिनीवर आखून घ्यायचं असतं. मित्रानं त्यासाठी कॉलेजच्या मैदानावरून पिशवीभर फक्की आणली होती, कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी पूड. त्यानं दोन चौकोन आखले, चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली, आणि तुकड्याच्या बरोब्बर मधून एक सरळ लांब रेघ मारली. अकोल्याच्या पोराला ते मैदानच वाटत होतं. मी पटकथेच्या पानांवर खुणा करत होते, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आमच्या भागात रिकाम्या जमिनीत फक्कीची रेघ दिसली की लोक काय समजतात, हे मला, धायरीच्या पोरीला, कळायला हवं होतं.

काका खडकवासल्याच्या बाजूला कालव्यावर फिरायला जायचे. ते परत आले आणि त्यांना ती रेघ दिसली. खुंट्या दिसल्या, सुतळी दिसली, आणि अनोळखी पोरगा टेप धरून उभा असलेला दिसला. ते स्वतःच्या अंगणातलं फावडं घेऊन आले आणि पहिला तडाखा ट्रायपॉडला घातला. दुसरा खुंटीला. मित्र मधे पडून काहीतरी समजावायला गेला तर तिसरा त्याला बसला, पात्याच्या कडेनं, कानाच्या वर. तो जागेवरच बसला आणि बोटांच्या फटीतून रक्त यायला लागलं.

"मोजणी आणली व्हय?" काका म्हणाले. "पुन्हा?"

मी काय केलं ते सांगते, कारण लपवायला मला आवडत नाही. मी त्यांच्या मनगटाला चावले. इतक्या जोरात की तोंडात खारट चव आली. इतक्या वर्षांचं सगळं दातांत उतरलं होतं. त्यांनी मला झटकलं, मी घाणेरीत पडले, हात ओरबाडले गेले. आणि नेमकं तेव्हा पप्पा गॅलरीत आले. त्यांना वरून दिसलं ते एवढंच, की पोरगी खाली पडलीय आणि भाऊ फावडं घेऊन तिच्यासमोर उभा आहे.

ते कोयता घेऊन आले. माळ्यावरचा कोयता इतक्या लवकर त्यांना कसा सापडला देव जाणे. काकांनी फावडं आडवं धरलं. पहिला घाव दांड्यावर बसला आणि दांडा तुटला. काका मागं सरकताना सुतळीत अडकले आणि उताणे पडले, त्या फक्कीच्या रेघेवर, कपडे पांढरेफटक. पप्पांनी त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि उजवा हात वर नेला. तो हात त्या मोडण्यानंतर खांद्याच्या वर नीट जात नाही. त्या दिवशी गेला. मी ओरडले की ओरडले नाही मला आठवत नाही. मला एवढंच कळत होतं की आईची धास्ती आज खरी होतेय, माझ्या फिल्मपायी, माझ्या डोळ्यांदेखत.

आई पळत आली नाही. चालत आली. ओल्या फरशीवरून चालावं तशी, जपून. तिच्या हातात मोगरी होती. ती पप्पांच्या उजव्या अंगाला येऊन उभी राहिली, पाय जरा फाकवून, आणि मोगरी दोन्ही हातांनी खांद्यावर घेतली. माझ्या लक्षात आलं की तिला कुठं उभं राहायचं ते माहीत आहे.

"परत मोडू का?" ती म्हणाली.

पप्पा तिच्याकडं वळले नाहीत. पण हात वरच थांबला. खालून काका म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या. त्यांचा हात आधीच अधू हाय." छातीवर भावाचा गुडघा, डोक्यावर कोयता, आणि हा माणूस भावाच्या हाताची काळजी करत होता. कोयता खाली आला, हळूहळू, आणि पप्पांनी तो बाजूच्या गवतात ठेवून दिला. मग ते तिथंच मांडी घालून बसले आणि आईनं मोगरी खाली ठेवली.

मला तेव्हा सगळं कळलं. सगळं म्हणजे, कुणी मोडला ते.

मित्राला दवाखान्यात काकांनीच नेलं, स्वतःच्या स्कूटरवर, मधे त्याला बसवून आणि मागं मला. मनगटावर माझे दात उमटलेले, कपड्यांवर फक्की. डॉक्टरांनी मित्राच्या कानाच्या वर टाके घातले आणि काकांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. कुत्रं चावलं का विचारलं, तर काका म्हणाले, घरातलंच हाय. बाकावर बसून मग ते बोलले. तेव्हाची सुरुवातही फक्कीनंच झाली होती. पप्पांनी काकांना न विचारता कुठल्याशा बिल्डरचा माणूस आणून तुकडा आखला होता, काकांनी ती रेघ पायानं पुसली, आणि पप्पांनी कोयता काढला. पहार कुणी घेतलीच नव्हती. काकांच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

मी त्यांना विचारलं की मग इतकी वर्षं आम्ही तुमच्यावर थुंकत होतो, ते का ऐकून घेतलं. त्यांनी खांदे उडवले.

"बाईनं नवऱ्याचा हात मोडला म्हटलं की भावकीनं तिला जगू दिलं नसतं. भावानं मोडला म्हटलं तर कुणाला नवल न्हाई."

मला रडू आलं नाही. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि काकांच्याही, इतकं गप्प राहिल्याबद्दल. मी त्यांच्या मनगटावरची पट्टी नीट केली. दवाखान्यातून निघताना ते मित्राला म्हणाले की पुन्हा आखायचं असलं तर चुना नको, दोरी वापर.

पटकथा मी दुसऱ्या दिवशी परत लिहायला घेतली. आता काहीच अडेना. सरांचा नियम मी तंतोतंत पाळला. कुणाच्या मनात काय आहे ते कुठं लिहिलं नाही. पांढरी रेघ. ती पुसणारा पाय. वर गेलेला कोयता. मागून येणारी बाई, तिच्या हातात मोगरी. ती मारते. सरांनी वाचलं, चष्मा काढला, आणि नेहमीच्याच थंड आवाजात म्हणाले की आता गोष्ट झाली, पण ही बाई अचानक आभाळातून पडते, तिला आधीपासून दाखवा. आणि मग जाता जाता, कुणाला विचारलंय का हे, असं विचारलं. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे.

विचारलं नव्हतं. ती भीती मला लिहिताना सगळा वेळ होती. फिल्म कॉलेजात दाखवणार, मग ती फोनवर फिरणार, आणि भावकीतल्या प्रत्येकाच्या फोनवर येणार. काकांनी जे स्वतःच्या अंगावर घेऊन झाकलं होतं ते मी दहा मिनिटांत उघडं पाडणार होते. एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. पप्पा बाहेर टीव्हीपुढं. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की वाचून दाखवते, तू नको म्हणालीस तर पुसून टाकेन, राग मानणार नाही. यातलं शेवटचं खोटं होतं, तिलाही माहीत होतं.

मी वाचलं. तिचे हात चालू होते, पानं एकीकडं, काड्या एकीकडं. कोयता वर गेला तिथं माझा आवाज बारीक झाला. तिनं मान वर केली नाही. बाहेर पप्पांनी टीव्ही बंद केला होता. मी शेवटपर्यंत वाचलं: बाई मोगरी उचलते, ती मारते, कोयता खाली पडतो. 

 आईनं पुढच्या जुडीची सुतळी सोडली, गुंडाळून डब्यात टाकली.

"एकदा नाही," ती म्हणाली. "एकानं कोयता सुटला नव्हता. पहिल्यांदा मारल्यावर ते वळून माझ्याकडं बघत होते. बघत असताना मी परत मारलं."

बाहेरच्या खोलीत पप्पांची खुर्ची वाजली, पण ते आत आले नाहीत. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि कोयता खाली पडतो त्याच्या आधी दोन ओळी घातल्या. तो वळून तिच्याकडं बघतो. ती परत मारते. मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हां," आई म्हणाली, आणि मेथी धुवायला उठली.